ओल्या भिंतीवर सिमेंटचा मुलामा

पाऊस संपून दिवाळी जवळ आली, की पुण्याच्या पेठांत, वाईत, साताऱ्यात उरलेल्या जुन्या वाड्यांमध्ये एक काम हमखास निघते. भिंतींना ओल आलेली असते, रंगाचे पोपडे सुटलेले असतात, खालच्या बाजूला पांढरा लोणा फुललेला असतो. गवंडी येतो, जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढतो आणि सिमेंटचा जाड थर देतो. वर तैलरंग. दोन वर्षे भिंत चकचकीत दिसते. मग ओल परत येते, आणि या वेळी ती हातभर वर चढलेली असते.

सिमेंट हे उत्तम साहित्य आहे. फक्त ही त्याची जागा नव्हे. वाड्याची रचना बहुधा अशी असते: खाली दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे मातीत किंवा चुन्यात रचलेली पातळ विटांची जाड भिंत. वीट, माती आणि चुना या तिन्हींत बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात तेल ओढते, तसे जमिनीतले पाणी या छिद्रांतून वर चढते. जुन्या बांधणीत त्याला अडवणारा थर नसे. चढलेले पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाई. पावसाळ्यात भिंत ओलावे, उन्हाळ्यात वाळे.

सिमेंटचा दाट थर ही वाट बंद करतो. कोंडलेले पाणी आणखी वर सरकते आणि सोबत जमिनीतले, विटांमधले क्षार नेते. पाणी उडाले की छिद्रांत क्षारांचे स्फटिक धरतात. त्यांच्या दाबाने विटेची हळूहळू भुकटी होते. हे सगळे गिलाव्याआड चालते. भिंतीवर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तरच सुगावा लागतो. त्याहून घातक नुकसान लाकडाचे. भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकात ओलावा २० टक्क्यांच्या वर राहू लागला, की लाकूड कुजवणारी बुरशी जम धरते. ओल्या लाकडाकडे वाळवीही लवकर वळते. वरचा मजला ज्या टोकांवर टेकलेला असतो, नेमकी तीच आतून जातात.

भिंतीबरोबर माणसेही आजारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीतली घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचे प्रमाण जास्त आढळते, असे तिच्यात नोंदवले आहे. कपाटामागे, पलंगाच्या उशाशी, जिथे हवा खेळत नाही तिथे बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू श्वासावाटे आत जातात. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर ती सहज रुजत नाही. दरवर्षी भिंतींना चुन्याचा हात देण्याची जुनी रीत नुसती शोभेसाठी नव्हती.

दुरुस्तीची सुरुवात मात्र चुन्यापासून होत नाही. आधी पाणी कुठून येते ते शोधावे लागते. फुटलेले कौल, गळकी पन्हळ, झिरपणारी मोरी हे नेहमीचे संशयित. शहरांत आणखी एक भर पडली आहे. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो आणि वाड्याचे जोते जमिनीत गाडले जाते. मग रस्त्यावरचे पाणी थेट विटांना भिडते. हे घरमालकाच्या हातात नाही, पण भिंतीलगत चर खणून पाणी लांब काढणे आहे. मातीत रचलेली भिंत पाण्यात फार काळ टिकत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्यातले कितीतरी वाडे पुरात असेच बसले.

पाणी थांबले की सिमेंट सोलायचे, भिंत काही महिने वाळू द्यायची आणि मग चुना. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसवर भाजली, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू किंवा विटांची भुकटी घालून घाणीत मळतात. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर हे त्यात पूर्वीपासून पडत आले आहेत. भिंतीवर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, पण सावकाश; म्हणून थर पातळ द्यावे लागतात आणि मधे दिवस जाऊ द्यावे लागतात. हे काम जाणणारे गवंडी थोडे आणि मजुरी जास्त, ही अडचण खरी आहे. तरी दर तीन वर्षांनी सिमेंट खरवडण्यापेक्षा ती परवडते.

कळीचा चुना विरवताना पाणी उकळते. शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. जुन्या दारे-खिडक्यांचा तैलरंग घासतानाही जपावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. असा रंग कोरडा घासू नये, पाणी मारून खरवडावा, निघालेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. तेवढे दिवस मुलांना आणि गर्भवतींना घराच्या त्या भागात राहू देऊ नये.