विश्लेषण : ‘इम्पीड’ म्हणजे पायात खोडा, पण तो घातला कुणी?

विकासकामांच्या इंग्रजी बातम्यांत, सरकारी अहवालांत आणि स्पर्धा परीक्षांच्या उताऱ्यांत ‘इम्पीड’ हे क्रियापद वारंवार भेटते. ‘अडथळा आणणे’ एवढा अर्थ पाठ करून आपण पुढे जातो. मात्र ‘हिंडर’, ‘हॅम्पर’, ‘ऑब्स्ट्रक्ट’ यांचाही अर्थ शब्दकोशात तोच दिसतो. मग फरक कुठे? आणि कोणता शब्द कुठे वापरावा?

शब्द आला कुठून?

‘इम्पीड’चे मूळ लॅटिन. त्यातील ‘पेड’ म्हणजे पाय. ‘पेडल’ आणि ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पादचारी, हे त्याच मुळाचे शब्द. आपला ‘पाद’ही दूरच्या नात्याने याच घराण्यातला. पाय अडकवणे, पाय जखडणे हा ‘इम्पीड’चा मूळ अर्थ. उलट अडकलेले पाय मोकळे करणे म्हणजे ‘एक्स्पिडाइट’. सरकारी पत्रात काम ‘एक्स्पिडाइट’ करा असे लिहिलेले असते, तेव्हा खरे तर त्या कामाच्या पायातली बेडी काढा, असेच सांगितलेले असते.

मराठीने हीच कल्पना स्वतंत्रपणे घडवली. कैद्याचा पाय अडकवण्यासाठी भोक पाडलेले जे लाकूड असे, तो खोडा. त्यावरून ‘कामात खोडा घालणे’ आले. म्हणून ‘इम्पीड’ला मराठीत सर्वांत जवळचा वाक्प्रचार हाच.

चार शब्दांत फरक काय?

इम्पीड : गती मंदावणे. काम पूर्ण बंद पडतेच असे नाही. शब्द औपचारिक आहे. ‘हेवी रेन इम्पीडेड द वर्क’ म्हणजे मुसळधार पावसाने कामाची गती रोखली.

हॅम्पर : मोकळेपणाने हालचाल करू न देणे. मनुष्यबळ कमी, निधी अपुरा, यंत्र जुने अशा वेळी हा शब्द चपखल. दिवाळीच्या ‘गिफ्ट हॅम्पर’शी याचा संबंध नाही. टोपलीचा अर्थ असलेला तो शब्द वेगळा, पेले ठेवायच्या पेटीच्या जुन्या फ्रेंच नावावरून आलेला.

हिंडर : रोजच्या बोलण्यातला, सर्वसाधारण अडचणीचा शब्द. नाम ‘हिंड्रन्स’.

ऑब्स्ट्रक्ट : वाटेत आडवे येणे. रस्त्यावर पडलेले झाड किंवा जाणूनबुजून केलेला अटकाव. ‘सरकारी कामात अडथळा’ या गुन्ह्यातील इंग्रजी शब्द हाच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 186 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 मध्ये आहे.

आपल्याकडे धानाच्या पट्ट्यात पाऊस लांबला की ‘रोवणी खोळंबली’ अशी बातमी येते. तिथे ‘ऑब्स्ट्रक्ट’ चालणार नाही, कारण कुणी आडवे आलेले नाही. ‘डिलेड’ किंवा ‘हेल्ड अप’ योग्य.

चूक कुठे होते?

‘इम्पीड’नंतर ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ लावण्याची सवय दिसते. हे क्रियापद थेट कर्म घेते : ‘इट इम्पीड्स प्रोग्रेस’. दुसरी चूक म्हणजे ‘प्रिव्हेंट’ आणि ‘इम्पीड’ एकच मानणे. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे होऊच न देणे, ‘इम्पीड’ म्हणजे होताना अडवणूक. नाम होते ‘इम्पेडिमेंट’. ‘स्पीच इम्पेडिमेंट’ म्हणजे बोलताना अडखळणे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा ‘इम्पीडन्स’ही याच घरातला. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला मंडलाकडून होणारा हा एकूण विरोध ओहममध्ये मोजतात. 1886 मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी हा शब्द रूढ केला.

गोसेखुर्दच्या निमित्ताने

या शब्दाचा खरा कस आपल्या जिल्ह्यात लागतो. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाजित खर्च सुमारे 372 कोटी रुपये. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर क्षेत्राला सिंचनाचा लाभ देण्याचे उद्दिष्ट. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. 33 दरवाजांचे धरण उभे राहिले, पाणी अडले. पण कालव्यांची आणि पुनर्वसनाची कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. खर्चाचा आकडा हजारो कोटींवर गेला.

आता इंग्रजीत एक वाक्य करून पाहा : ‘रिहॅबिलिटेशन इम्पीडेड द प्रोजेक्ट’. पुनर्वसनाने प्रकल्पाची गती रोखली. व्याकरण अचूक आहे. तरी कर्त्याच्या जागी पुनर्वसन बसले की गाव, शेत, घर सोडणारा माणूसच प्रकल्पाच्या पायातला खोडा ठरतो. वाक्य फिरवा : ‘डिलेज इन द प्रोजेक्ट इम्पीडेड रिहॅबिलिटेशन’. प्रकल्पातील दिरंगाईने पुनर्वसन अडले. शब्द जवळपास तेच, पण दोष दुसरीकडे गेला. तिसरा प्रकार कर्मणी प्रयोगाचा : ‘द वर्क वॉज इम्पीडेड’. काम अडले. कुणी अडवले, याचा पत्ताच नाही. अहवालांना हा प्रयोग फार आवडतो.

लक्षात काय ठेवावे?

परीक्षेतल्या उताऱ्यात हा शब्द आला की तीन प्रश्न विचारावेत. पाय कुणाचा अडकला? खोडा कुणी घातला? आणि काम थांबले की नुसते मंदावले? पहिल्या दोन प्रश्नांतून कर्म आणि कर्ता कळतात, तिसऱ्यातून नेमके क्रियापद सापडते.

अहवाल किंवा बातमी वाचतानाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात. धान पिकवणारा शेतकरी कालव्याच्या पाण्याची आणि प्रकल्पग्रस्त मोबदल्याची वाट पाहत असताना ‘काम अडले’ एवढ्यावर थांबता येत नाही. कर्ता शोधावाच लागतो.