कष्टार्जित सहजता

‘दो बिघा जमीन’ या चित्रपटाची जुळवाजुळव चालू असताना, उत्तम बेताचा विलायती पोशाख केलेला, लंडनच्या नभोवाणीवर काही वर्षे काढून आलेला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पोहोचलेला एक उंच, गोरा पंजाबी गृहस्थ बिमल रॉय यांच्यापुढे येऊन उभा राहिला, तेव्हा आपल्या कथेतील नाडलेला, निरक्षर शेतकरी या माणसाच्या अंगी उतरावा कसा, असा प्रश्न त्या साक्षेपी दिग्दर्शकाला पडला आणि त्यांनी तो स्पष्टपणे बोलूनही दाखविला. ‘धरती के लाल’ या चित्रपटात या गृहस्थांनी दुष्काळात होरपळलेल्या शेतकरी कुटुंबातील तरुणाचे काम केले आहे, हे कळल्यावर रॉय यांचे मन वळले. बलराज साहनी यांचा पुढील लौकिक ठाऊक असलेल्या आपणांस ती शंका अनाठायी वाटेल. परंतु माझ्या मते ती सर्वस्वी रास्त होती. कथेतील तो शेतकरी, शंभू महातो, साहनींच्या ठायी उपजत नव्हता. तो त्यांनी मिळविला, आणि ज्या रीतीने मिळविला तीच त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

१ मे १९१३ रोजी रावळपिंडीच्या एका सुखवस्तू, आर्यसमाजी व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला; ख्यातनाम हिंदी साहित्यिक भीष्म साहनी हे त्यांचे धाकटे बंधू. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून इंग्रजी साहित्याची एम.ए. पदवी घेऊन ते वडिलांच्या पेढीवर बसले खरे, पण खतावणीत त्यांचे चित्त रमेना. पत्नी दमयंती यांच्यासह ते शांतिनिकेतनात अध्यापनास गेले. तेथून वर्ध्यानजीक सेवाग्रामी येऊन गांधीजींच्या सान्निध्यात ‘नई तालीम’ या नियतकालिकाचे काम पाहू लागले. आणि तेथूनच नभोवाणीचे अधिकारी लायोनेल फील्डन यांच्या आमंत्रणावरून, गांधीजींचा आशीर्वाद घेऊन, महायुद्धाच्या धामधुमीत बीबीसीच्या हिंदी विभागात निवेदक म्हणून लंडनला रवाना झाले. रवींद्रनाथांची शाळा, बापूंचा आश्रम आणि बाँबवर्षावाखालील लंडन, असा त्रिविध संस्कार लाभलेला दुसरा नट आपल्या चित्रसृष्टीत मला आढळत नाही. लंडनमध्ये पाहिलेल्या सोव्हिएत चित्रपटांनी व तेथील वाचनाने ते मार्क्सवादाकडे वळले, आणि १९४४ साली मायदेशी परतले ते या नव्या निष्ठेसह.

मुंबईत त्यांना ‘इप्टा’ म्हणजे भारतीय जननाट्य संघ भेटला. परळ-लालबागच्या कामगारवस्तीत अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख ज्या चळवळीतून पोवाडे व लोकनाट्ये गाजवीत होते, तिच्याच हिंदी शाखेत साहनींनी ख्वाजा अहमद अब्बास यांचे ‘झुबेदा’ हे नाटक दिग्दर्शित केले. बंगालच्या भीषण दुष्काळावरील ‘धरती के लाल’ (१९४६) हेही याच संघाचे अपत्य. मात्र रंगभूमीवर मोकळा वावरणारा हा माणूस कॅमेऱ्यासमोर आला की अवघडून जाई, अवयव ताठरत, जिव्हा जड होई. वयाच्या तिशीनंतर चित्रपटात आलेल्या, पदवीधर आणि चिकित्सक वृत्तीच्या माणसाला स्वतःकडे पाहत राहण्याची जी खोड असते, तीच अभिनयाच्या आड येते. साहनींना ती मोडण्यास कित्येक वर्षे लागली. त्यातच १९४७ साली दमयंतीबाई अकाली निवर्तल्या आणि दोन लहान मुलांचा भार एकट्यावर पडला.

पुढे कम्युनिस्ट पक्षाच्या मोर्चात सामील झाल्याबद्दल त्यांना अटक होऊन कारावास घडला. त्या वेळी ‘हलचल’चे चित्रण चालू होते आणि त्यात त्यांची भूमिका, योगायोग असा की, तुरुंगाधिकाऱ्याची होती. सरकारी परवानगी मिळवून पहाऱ्यात त्यांना स्टुडिओत आणले जाई. दिवसा अंमलदाराचा गणवेश चढवायचा आणि सायंकाळी कैद्याच्या कोठडीत परतायचे, असा तो विलक्षण क्रम होता. सुटकेनंतर संसाराची ओढाताण भागविण्यासाठी त्यांनी लेखणीचाही आश्रय केला. गुरुदत्त यांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट ‘बाजी’ (१९५१) साहनींच्याच पटकथेवर उभा आहे, आणि बसमधील प्रवाशांना नकला करून हसविणाऱ्या बद्रुद्दीन काझी नावाच्या कंडक्टरला गुरुदत्तांकडे नेऊन ‘जॉनी वॉकर’चा मार्ग मोकळा करून देणारेही तेच. त्याच वर्षीच्या ‘हम लोग’ने नट म्हणून त्यांचे नाव झाले.

आणि मग शंभू आला. जमीनदाराच्या कर्जापोटी दोन बिघे शेत लिलावात जाऊ नये म्हणून, कचेरीने ठरविलेले दोनशे पस्तीस रुपये तीन महिन्यांच्या मुदतीत उभे करण्यासाठी कलकत्त्यास येऊन हातरिक्षा ओढणारा हा शेतकरी पुस्तकांतून सापडणे शक्य नव्हते. मुंबईत जोगेश्वरीला म्हशी पाळणाऱ्या उत्तरेकडील भैयांची वस्ती होती; साहनी तेथे जाऊन बसू लागले. ती माणसे कशी चालतात, उकिडवी कशी बसतात, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, हे त्यांनी विद्यार्थ्याच्या चिकाटीने टिपले. कलकत्त्यात रिक्षा ओढण्याचा सराव केला. तरीही मनाची खात्री पटेना. अखेर एका वृद्ध बिहारी रिक्षावाल्याने आस्थेने विचारपूस केली, तेव्हा साहनींनी त्याला चित्रपटाची कथा सांगितली, आणि ऐकता ऐकता त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कारण त्याचेही दोन बिघे जमीनदाराकडे गहाण पडले होते आणि ते सोडविण्याच्या आशेवर तो पंधरा वर्षे रिक्षा ओढीत होता. साहनींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे की, त्या क्षणापासून अभिनयशास्त्राचा सारा ऊहापोह बाजूस सारून त्यांनी त्या म्हाताऱ्याचाच जीव आपल्या ठायी घेतला. जोगेश्वरीतील निरीक्षणाने देह दिला होता, कलकत्त्यातील या भेटीने हेतू दिला. आणि अधिक भाड्याच्या आमिषाने शर्यत धावणाऱ्या शंभूच्या रिक्षेचे चाक निखळते त्या प्रसंगी, या दोहोंचा असा काही संयोग झाला आहे की, नट कोठे संपतो हे सांगता येत नाही. १९५४ साली कान महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

त्यानंतरच्या वीस वर्षांतील भूमिकांची मोजदाद करण्यात फारसे हशील नाही. पुष्कळशा केवळ चरितार्थासाठी होत्या. पण ‘गरम कोट’मधील टपालखात्यातला कारकून, ‘अनुराधा’तील कर्तव्यमग्न डॉक्टर, ‘वक्त’मधील लाला केदारनाथ, आणि विशेषेकरून ‘काबुलीवाला’ (१९६१) हे विसरता येणार नाहीत. टागोरांच्या त्या पठाणाची बोली व रांगडी माया त्यांना परकी नव्हती. रावळपिंडीच्या रस्त्यांवर बालपणापासून त्यांनी पठाण पाहिले होते. फाळणीने ते शहर त्यांना दुरावले. पुढे ते शहर ते पुन्हा पाहून आले आणि त्या भेटीचे प्रवासवर्णन त्यांनी पंजाबीत लिहिले.

‘गर्म हवा’ या चित्रपटातील सलीम मिर्झा या पार्श्वभूमीवर पाहावा. आग्र्यातील या जोडे बनविणाऱ्या कारखानदाराची हवेली थोरल्या भावाच्या नावे असते. तो पाकिस्तानात निघून जाताच ती निष्क्रांतांची मालमत्ता म्हणून सरकारजमा होते. शंभूची जमीन एका कागदाने गेली, मिर्झाचे घरही कागदानेच जाते. परंतु शंभूत जी धाव होती तिच्या जागी येथे संथ, सभ्य, आतून खचत जाणारी पावले आहेत. मुलगी अमीना जीव देते त्या प्रसंगी एम. एस. सथ्यू यांच्या कॅमेऱ्यासमोर साहनी आक्रोश करीत नाहीत, आणि ते पाहताना हे स्मरल्यावाचून राहत नाही की, अल्पकाळापूर्वीच त्यांची स्वतःची तरुण कन्या निवर्तली होती.

या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण उरकल्यावर लगेच, १३ एप्रिल १९७३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. जातीय क्षोभाच्या भीतीने चित्रपट कित्येक महिने सेन्सॉरच्या दप्तरी अडकून पडला व १९७४ साली लोकांपुढे आला. त्याच्या शेवटी मिर्झा टांग्यातून स्टेशनाकडे, म्हणजे देशाबाहेर, निघालेला असतो. वाटेत मोर्चा लागतो, धाकटा मुलगा त्यात शिरतो आणि मग बापही टांगा सोडून खाली उतरतो. शंभूसाठी साहनींना जोगेश्वरीला जाऊन चालणे शिकावे लागले होते. या चालीसाठी कोठे जाण्याची गरज नव्हती, कारण मोर्चातून तुरुंगापर्यंतची वाट त्यांनी स्वतःच्या पायांनी तुडविली होती.