चिनी सम्राटांची आकाशपूजा

चीनचा सम्राट दरबारांत बसे तो दक्षिणेकडे तोंड करून. सारे प्रजाजन उत्तराभिमुख होऊन त्यास दंडवत घालीत. आकाशपूजेच्या वेळीं मात्र हा क्रम उलटत असे. हिवाळ्यांतील सर्वांत लहान दिवशीं, उजाडण्यापूर्वीं, सम्राट राजधानीच्या दक्षिणेकडील उघड्या वेदीवर चढे, आकाशाच्या नामफलकापुढें उत्तरेकडे मुख करून गुडघे टेकी, आणि प्रार्थनेंत स्वतःस ‘सेवक’ म्हणवी.

या नम्रतेचें मूळ एका राज्यक्रांतींत आहे. शांग वंशाचे राजे बैलांच्या हाडांवर व कांसवांच्या कवचांवर प्रश्न कोरून देवाचा कौल घेत. पाऊस पडेल काय, स्वारी फळेल काय, असे हजारों लेख आन्यांगजवळ सांपडले आहेत. त्यांत ‘दी’ नांवाची एक सर्वश्रेष्ठ शक्ति येते. परंतु बहुतेक बळी राजाच्या पूर्वजांस दिले जात. पुढें इ. स. पूर्वीं १०४६ च्या सुमारास झौ लोकांनीं हें राज्य जिंकलें, आणि त्यांच्यापुढें अडचण उभी राहिली. देवतांचा वरदहस्त लाभलेल्या घराण्याचें सिंहासन बळकावण्याचा अधिकार त्यांस कोणी दिला? आकाशानें, असें त्यांनीं उत्तर दिलें. थ्येन, म्हणजे आकाश, सदाचारी राजास आज्ञा देतें व दुराचारी राजापासून ती काढून घेतें.

हें उत्तर मोठें चतुर खरें. पण त्यानें जेत्यांचेच हात बांधले. जें दिलें तें परत घेतां येतें! दुष्काळ, महापूर, ग्रहण यांनीं पुढें प्रत्येक सिंहासन हादरूं लागलें. इ. स. पूर्वीं १७८ मध्यें सूर्यग्रहण झालें, तेव्हां हान वंशाच्या वन सम्राटानें फर्मान काढून दोष स्वतःकडे घेतला आणि आपल्या चुका दाखविण्यास प्रजेस सांगितलें.

पूजेचा विधि याच भयाशीं सुसंगत होता. सम्राट तीन दिवस व्रतस्थ राही. मद्य, मांस, संगीत सर्व वर्ज्य. पेकिंगची वर्तुळाकार वेदी १५३० सालीं बांधली गेली व १७४९ सालीं वाढविण्यांत आली. तिला छप्पर नाहीं, कारण उपासक आणि उपास्य यांच्यामध्यें कांहीं असूं नये. मधल्या वाटोळ्या शिळेभोंवतीं नऊ, मग अठरा, अशा क्रमानें नवव्या वलयांत ८१ शिळा आहेत. निळें जेड रत्न, रेशीम आणि अखंड वासरूं अर्पण होई. तें वासरूं भट्टींत जाळीत, कीं धूर वर पोहोंचावा. हवनाशीं परिचित वाचकास यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें हें कीं, यजमान आणि पुरोहित दोन्ही सम्राटच असे. अधिकारी मंत्र वाचीत, पात्रें पुढें करीत. परंतु त्याची जागा घेणारा पुरोहितवर्ग नव्हता. इतर कोणासहि हा अधिकार नव्हता. मिंग वंशाच्या कायद्यांत घरीं खाजगी रीतीनें आकाशपूजा करणारास ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे.

राजसत्ता १९१२ सालीं गेली. विधीचा मोह गेला नाहीं. डिसेंबर १९१४ मध्यें राष्ट्राध्यक्ष युआन श-खाय यानें याच वेदीवर पूजा केली, आणि वर्षभरांत सम्राटपद स्वीकारलें. प्रांतांमागून प्रांत उठले. मार्च १९१६ मध्यें त्यास तें पद सोडावें लागलें, व जूनमध्यें तो वारला. १९१८ सालीं तें आवार सर्वांस खुलें झालें. आतां त्या मधल्या शिळेवर क्षणभर उभें राहण्यासाठीं प्रवाशांची रांग लागते.