संगणक मंदावला? नवा घेण्यापूर्वी दोन वस्तू तपासा

सकाळी दुकान उघडून संगणकाचे बटण दाबावे आणि तो कामाला लागेपर्यंत चहा पिऊन व्हावा, हा अनुभव अनेक व्यापारी बांधवांना आहे. बिलासाठी गिऱ्हाईक समोर उभे आणि पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे! दुरुस्तीवाल्याचा सल्ला ठरलेला, "शेठ, मशीन जुनं झालं, नवं घ्या." आमच्या परिचयाचे एक सूत व्यापारी असेच नवा संगणक घ्यायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवले आणि पेटी उघडून पाहिली. आत अवघी ४ जीबी मेमरी आणि जुनी हार्ड डिस्क होती. या दोन वस्तू बदलल्या आणि तोच संगणक पुन्हा नीट चालू लागला. म्हणूनच या दोन वस्तू काय आहेत, हे बांधवांनी समजून घेणे हिताचे आहे.

टेबल आणि कपाट

शिंपीकाम करणाऱ्यांना हे चटकन समजेल. कापड पसरून कापण्याचे टेबल म्हणजे मेमरी, जिला रॅम म्हणतात. थान रचून ठेवण्याचे कपाट म्हणजे स्टोरेज, अर्थात हार्ड डिस्क किंवा एसएसडी. कपाट कितीही मोठे असले तरी टेबल लहान असेल तर कारागिराला घडोघडी उठावे लागते. संगणकाचेही तसेच. रॅम भरली की तो काही माल डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. या ये-जा करण्यातच वेळ जातो. दुसरा फरक असा की वीज गेली की टेबल साफ होते, कपाटातला माल मात्र राहतो. म्हणून अर्धवट काम वेळोवेळी 'सेव्ह' करणे अगत्याचे आहे.

दुखणे ओळखा

विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात मेमरी आणि डिस्क किती वापरली जात आहे ते दिसते. नेहमीचे काम चालू असताना मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल तर टेबल अपुरे आहे. मेमरी मोकळी असून डिस्क सारखी १०० टक्क्यांवर अडकत असेल तर दुखणे डिस्कमध्ये असण्याचा संभव मोठा.

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि एक काटा त्यांवरून माहिती शोधतो. दर शोधाला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे तिला तेच काम त्याच्या शंभराव्या हिश्शात जमते. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या संगणकाला सर्वांत जास्त गुण एसएसडीचाच येतो.

खरेदी करताना

मेमरीचे डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ असे प्रकार आहेत. प्रत्येकाची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपपेक्षा आखूड असते, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच जोडलेली असल्याने वाढवताच येत नाही. तेव्हा जुनी पट्टी सोबत घेऊनच बाजारात जावे. बिल आणि हिशेब एवढेच काम असेल तर ८ जीबी पुरते; छपाई किंवा भरतकामाचे नमुने काढणाऱ्यांनी १६ जीबी घ्यावी. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा गरजेपेक्षा जास्त घेऊ नये आणि चार दुकानी भाव काढावा.

१ टीबीची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ जीबी दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कारखानदार हजाराच्या मापाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. कच्च्या मणाचा आणि पक्क्या मणाचा हिशेब जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. मात्र अगदी कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या '२ टीबी' पेन ड्राइव्हपासून सावध राहावे. यांत खोटे माप दाखवणारा माल पुष्कळ असतो. थोडी माहिती मावते, पुढची नाहीशी होते. पक्के बिल आणि हमी असल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपला संगणक विंडोज ११ स्वीकारतो की नाही, हे आधी विचारावे. स्वीकारत नसेल तर त्यावर मोठा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

वही दोन ठिकाणी

वेग वाढला, पण खरा प्रश्न पुढेच आहे. आमच्या त्या परिचितांच्या जुन्या डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला होता. हे डिस्क मोडकळीस आल्याचे लक्षण. तिच्यात कित्येक वर्षांची उधारी होती आणि दुसरी प्रत कोठेच नव्हती! नशीब, वेळेवर उतरवून घेता आली. एसएसडी तर पुष्कळदा काहीही इशारा न देता बंद पडते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. डिस्क मेली ही सबब तेथे कितपत चालेल, आणि मागचे येणे तरी कोणत्या पुराव्यावर मागणार?

म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवावी, डिस्क काढून घरी न्यावी. दुकानाला आग लागली किंवा पाणी शिरले तरी वही शाबूत राहील. जुनी डिस्क भंगारात देताना फायली नुसत्या 'डिलीट' करून भागत नाही. त्या पुन्हा काढता येतात. गिऱ्हाइकांची नावे आणि येणी-देणी त्यात असतात. ती पूर्ण पुसून घ्यावी, नाहीतर तबकड्याच फोडून टाकाव्यात.

संगणक जुना झाला तर नवा मिळतो, पण हरवलेली उधारीची वही कोणत्याही बाजारात मिळत नाही. तेव्हा मेमरी आणि एसएसडीवर पैसे खर्च कराल त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीसाठीही एक डिस्क घ्या, एवढेच आमचे सांगणे आहे.