फयान ते तौक्ते : आमच्या आळीतला क्रूस

येत्या १७ मे रोजी तौक्ते वादळाला पाच वर्षं होतील. तेव्हाच्या वीज नसलेल्या पाच रात्रींबद्दल लिहायचं माझ्या मनात कधीपासून होतं, पण हात चालत नव्हता. गेल्या मे महिन्यात एक गोष्ट घडली आणि ती इतकी लागली की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या आळीतल्या क्रुसापुढची रोझरी गेल्या वर्षी पूर्ण महिनाभर झाली नाही. शेवटचे आठ दिवस तेवढी झाली. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “बाई, लोक येत नाहीत. ज्याला म्हणायची तो घरी मोबाइलवर म्हणतो.”

वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वाक्य किती जड आहे ते कळेल. मे महिना हा आमच्याकडे मारियामातेचा महिना. आळीआळीत दगडाचे, लाकडाचे क्रूस आहेत. संध्याकाळी त्यांना मोगऱ्याचे, अबोलीचे हार घालायचे, चटया अंथरायच्या, रोझरी म्हणायची, गीत म्हणायचं आणि शेवटी ज्या घराची पाळी असेल त्या घरचे उकडलेले चणे ओंजळीत घेऊन मुलांनी पळायचं. सुट्टीत मुंबईहून आलेली मावशी, सासरहून आलेली मुलगी, रुसलेला भाऊ, सगळे तिथे भेटत. कितीतरी सोयरिकी त्या चटयांवर जुळल्या आणि वाडीच्या बांधावरून चाललेली भांडणंही तिथेच मिटली.

माझी आजी १९४८ च्या नोव्हेंबरातल्या वादळाची आठवण सांगायची. कौलं उडाली, माड मुळासकट गेले आणि माणसं रात्रभर देवळात बसली. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. पुढची कित्येक वर्षं वादळ म्हणजे आजीची गोष्ट, एवढंच होतं. नव्वदच्या दशकाबद्दल तर माझ्यापाशी सांगण्यासारखं फार थोडं आहे. मी शाळेत शिकवत होते, लोकलची गर्दी वाढत होती, भाताच्या शेतात इमारती उभ्या राहत होत्या. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हाचा आनंद आठवतो, पण बाकीची वर्षं एकमेकांत मिसळून गेली आहेत.

लक्षात राहिली ती २००९ पासूनची वर्षं. त्या जुलैत चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं आत जावीत की बाहेर राहावीत यावरून माझ्या माहेरी दोन भावांनी बोलणं टाकलं. देवळातली मिस्सा संपली की आवारात दोन वेगळे घोळके उभे राहायचे. त्यातच ११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं. अलिबाग आणि मुंबईच्या मधोमध ते किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे कापून पसरलेला भात भिजला, पण जीव लागला होता पाचूबंदरच्या, अर्नाळ्याच्या होड्यांकडे. त्या संध्याकाळी कुणी बोलावलं नव्हतं, तरी दोन्ही घोळके एकाच क्रुसापुढे येऊन बसले. माझे ते दोन भाऊही आले. ते एकमेकांशी बोलले नाहीत, पण बसले एकाच चटईवर.

आता एक जुनी सल सांगते. आमच्या आळीच्या टोकाला एक बावखल होतं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. बावखल म्हणजे वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी जिवंत ठेवतं आणि समुद्राकडून येणारं खारं पाणी मागे रेटतं. आमच्या पूर्वजांनी शेती केली ती या पाण्यावर. २०१३ मध्ये हे बावखल गाड्या लावायला जागा हवी म्हणून भरून टाकलं गेलं. भरणारे परके नव्हते, आमच्याच बाकावर बसणारे होते. मी गावच्या बैठकीत हा विषय दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा मला सांगितलं गेलं की घरातली भांडणं देवळात आणू नयेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वर्षानुवर्षं लिहून, बोलून, हरित वसईच्या लढ्यात उभे राहून ज्यासाठी झटले, ते आम्ही स्वतःच्या आळीत चार डंपर मातीखाली गाडलं. ही चूक आमची होती, आजही आमचीच आहे. २५ जुलै २०२४ ला फादर गेले तेव्हा हार घेऊन धावणाऱ्यांत बावखल भरणारेही होते. त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला त्यांच्याशेजारी उभं राहवलं नाही.

बावखल गेल्याचं फळ २०१८ च्या जुलैत दिसलं. वसईत पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली, वीज गेली. आमच्या आळीत तोवर कधी गुडघाभर पाणी आलं नव्हतं, ते आलं आणि दोन दिवस हललं नाही. तरी तेव्हा देवळाचे दरवाजे उघडे होते. हॉलमध्ये मोठाली पातेली चढली, बायकांनी पाळ्या लावल्या आणि डाळभात शिजत राहिला. कोण कुठल्या धर्माचा, कोण नालासोपाऱ्याचा, कोण यूपीचा हे कुणी विचारलं नाही. मधल्या ओखी वादळाबद्दल आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाबद्दल मी जास्त लिहीत नाही. निसर्ग रायगडवर कोसळलं आणि आम्ही वाचलो. तिकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा झोपल्याची चित्रं पाहून वाडीत राबणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग २०२१.

एप्रिलपासून देवळं पुन्हा बंद होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावात आठवड्याला एक-दोन घंटा मृत्यूच्या वाजत. १६ मेचा रविवार प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा होता. आम्ही तो मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. सोमवारी सकाळपासून वारा वाढत गेला. वादळ आमच्यापासून दूर, समुद्रातूनच गुजरातकडे चाललं होतं. ते रात्री दीवजवळ किनाऱ्याला लागलं, पण जाता जाता त्याने आमच्या वाड्या उभ्या कापल्या. केळी घडांसकट आडव्या झाल्या. राजेळीच्या त्या घडांची पुढे सुकेळी व्हायची होती. पानवेलींचे मांडव जमीनदोस्त झाले. आमचा सत्तर वर्षांचा फणस कुंपणावर पडला आणि त्याच्याखाली विजेच्या तारा गेल्या.

वीज गेली ती पाच दिवस. मोटर बंद म्हणून टाकीत पाणी नाही, फोन बंद म्हणून मुलांचा पत्ता नाही. पण सगळ्यात मोठी काळजी शेजारच्या काकींची होती. त्या आठवड्यापूर्वीच इस्पितळातून घरी आल्या होत्या आणि ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. यंत्र थांबलं. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो काही तासांचा. त्यांचा मुलगा रस्त्यावर येऊन नुसता ओरडला. कोणाला हाक मारायची हेही त्याला कळत नव्हतं. मंडपवाल्याचा जनरेटर देवळाच्या हॉलमागच्या शेडमध्ये ठेवलेला होता. रस्त्यात तीन झाडं पडलेली, वारा तसाच. आळीतली सहा पोरं कोयते, कुऱ्हाडी घेऊन निघाली आणि जनरेटर हातगाडीवर घालून दीड तासाने परतली. डिझेल भाजीच्या टेम्पोतून काढलं. यंत्र सुरू झालं तेव्हा काकींच्या ओठांचा रंग बदललेला होता. काकी आज ठणठणीत आहेत. त्या सहांपैकी चौघं आता कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत.

दुसऱ्या दिवशी आळीतले एक आजोबा वारले, वयाने. अंत्यविधीला फक्त वीस माणसांची परवानगी होती. दफनभूमीच्या वाटेवर चिंच पडली होती. ती रात्री बॅटरीच्या उजेडात कापली गेली. कापणाऱ्यांपैकी कुणीच त्या वीस जणांत नव्हतं. ज्यांनी वाट केली ते घरी थांबले, म्हणजे नातेवाइकांना जाता यावं.

आजोबा वारले त्याच दिवशी संध्याकाळी घंटा वाजली. आमच्या देवळाची घंटा बरीच वर्षं विजेच्या मोटरवर होती. वीज नाही म्हणून ती गप्प होती आणि घंटा नाही म्हणून वेळच थांबल्यासारखी वाटत होती. जुन्या घंटावाल्याच्या मुलाने माळ्यावरून दोर शोधून काढला, बांधला आणि बरोबर सातला ओढला. देऊळ बंद होतं, पण आवाज आला. आम्ही ओट्यांवर उभे राहून रडलो.

साडेसातला आमची एक शेजारीण एकटीच मेणबत्ती घेऊन क्रुसापाशी गेली. जमावबंदी होती, कुणी कुणाजवळ जायचं नव्हतं. तिने मोठ्याने रोझरी सुरू केली. पंखे नाहीत, टीव्ही नाहीत, गाड्या नाहीत. काळोखात तिचा आवाज आळीच्या टोकापर्यंत गेला आणि ओट्याओट्यावरून उत्तर आलं. कुणाचा चेहरा दिसत नव्हता. आवाजावरून ओळख पटत होती. हा भावाचा, ही सूनबाई, हा त्या दुसऱ्या घोळक्यातला. काकींच्या घरातून जनरेटरची घरघर येत होती, तीही त्या प्रार्थनेत मिसळली होती. तिसऱ्या रात्री कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातमी आली की बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा तराफा बुडाला आहे आणि २६१ माणसं त्यावर होती. त्यातले सत्तरांहून अधिक जण गेले असं पुढे कळलं. त्या रात्रीचा शेवटचा मणी आम्ही समुद्रातल्या त्या अनोळखी माणसांसाठी म्हटला.

दिवसा जनरेटरवर तासाला पाच याप्रमाणे आळीतले फोन चार्ज होत. विहिरीवर पुन्हा कप्पी आणि पोहरा बसला. ज्यांच्या बोअरवेलींनी आमच्या विहिरीची चेष्टा केली होती, तेही कळशी घेऊन आले आणि आम्ही पाणी दिलं. पडलेल्या कैऱ्यांचं लोणचं प्रत्येक घरी गेलं. कच्च्या केळ्यांची भाजी आठवडाभर खाल्ली. आमच्या देवळाचे फादर चालत घरोघरी आले, उंबऱ्याबाहेर उभे राहून आजाऱ्यांना परमप्रसाद देऊन गेले. पंचनाम्याला आलेल्या माणसाने आमची शंभराहून अधिक झाडं पाहून कागदावर किती लिहिली ते मी इथे सांगत नाही. हाती आलेल्या रकमेत एक कुंपणही उभं राहिलं नाही.

शनिवारी दुपारी वीज आली. रविवारी, २३ मे रोजी, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण होता. त्या दिवशीचं वाचन सुरू होतं ते आकाशातून आलेल्या मोठ्या वाऱ्याच्या आवाजाने. आम्ही ते पुन्हा पडद्यावर ऐकलं, आपापल्या घरात, पंख्याखाली.

माझ्या मते आमचं नुकसान वादळाने केलं नाही, त्या पंख्याने केलं. ७ ऑक्टोबरला देवळं उघडली. अर्धे बाक रिकामे राहिले, ते अजून पुरते भरलेले नाहीत. मिस्सा पडद्यावर दिसते, मग कशाला जायचं, हे आधी म्हाताऱ्यांना सोयीचं म्हणून होतं, मग तरुणांना सवयीचं झालं. जो पडदा बंद देवळाच्या काळात आधार होता, तो देवळं उघडल्यावरही आम्ही खाली ठेवला नाही. पुढच्या वादळात वीज गेली की तो पडदा काळा होईल. तेव्हा ओट्यावरून उत्तर द्यायला माणसं लागतील आणि ती माणसं एकमेकांचा आवाज ओळखणारी लागतील.

क्रुसाला मी गेल्या आठवड्यात चुना लावून घेतला आहे. यंदा १ मेपासून ३१ मेपर्यंत, रोज संध्याकाळी साडेसातला, रोझरी क्रुसापुढेच होईल. पहिल्या दिवशीचे चणे माझ्या घरचे. आळीतल्या प्रत्येक घरातून एकाने तरी यावं. काकी येणार आहेत, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. बाकीच्यांनी चटई आणावी.