वाऱ्यावरचा भरवसा

लातूरहून बीड-धाराशिवच्या बाजूला निघालं की बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या दिसू लागतात. पवनऊर्जेचा धंदा भारतात मोठा करणाऱ्यांत तुलसी तंती यांचं नाव आघाडीवर. सुरतेतल्या कापड कारखान्याचं वीजबिल परवडेना, म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये ‘सुझलॉन’ कंपनी उभी केली. मुख्यालय पुण्यात.

अशा नव्या उद्योजकांच्या आत्मविश्वासावर कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांचा १९८८चा एक अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ३,००० नव्या उद्योजकांना विचारलं, यशाची खात्री किती? ८१ टक्क्यांनी दहापैकी सात किंवा जास्त गुण दिले. ३३ टक्के तर म्हणाले, दहापैकी दहा! एवढ्या विश्वासाशिवाय कोणी उद्योगात उडी घेणारच नाही. पण पहिलं यश मिळालं की तोच विश्वास कर्जाच्या आकड्यांवरही बसतो.

सुझलॉनने २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन आणि २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर ताब्यात घेतली, मोठं कर्ज काढून. २००८ मध्ये अमेरिकेत तिच्या पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेले. एकेक पातं चाळीसेक मीटर लांब, आणि मजबूत करायची होती १,२५१. त्याच वर्षी जगभर मंदी आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड थकली.

पवनऊर्जा वाढेल हा तंतींचा अंदाज खराच ठरला. कर्ज फेडायला हाती किती वर्षं आहेत, हा हिशेब मात्र चुकला.

नांदेड-लातुरात छतावरच्या सोलर पॅनेलचा व्यवसाय सुरू करणाऱ्या तरुणांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एवढं जरूर मांडून पाहावं : येणी सहा महिने रखडली, तर हप्ता कुठून भरायचा?