पक्षाघात: उपचाराआधी सीटी स्कॅन का आवश्यक?

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाचे तोंड एका बाजूला वाकडे होते, हात किंवा पाय लुळा पडतो, बोलणे अडखळते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी ही लक्षणे दिसतात आणि रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला तरीही दिसतात. तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा शुद्ध हरपणे यांवरून रक्तस्रावाची शंका येते. मात्र केवळ लक्षणांवरून अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने निदान करता येत नाही.

या निदानावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. रक्तस्राव झालेल्या रुग्णास तेच औषध दिल्यास रक्तस्राव वाढून मृत्यू ओढवू शकतो.

हा पेच सीटी स्कॅनने सुटतो. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्याचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते. गुठळीमुळे बाधित झालेला भाग मात्र पहिल्या काही तासांत पुष्कळदा सर्वसामान्य भासतो. एमआरआयनेही रक्तस्राव कळतो. परंतु त्यास अधिक वेळ लागतो आणि ते यंत्र सर्वत्र नसते. सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो.

रक्तस्रावाची जागा आणि व्याप्तीही स्कॅनमधून समजते. पहिल्या काही तासांत साचलेले रक्त वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे रक्तदाब त्वरित नियंत्रणात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रभाव उतरवणे आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे आवश्यक ठरते. धमनीला फुगा आल्याची शंका असल्यास रक्तवाहिन्यांचे स्वतंत्र चित्रण केले जाते.

स्कॅनपूर्वी उपचार का नकोत, हे चीनमधील एका अभ्यासातून स्पष्ट झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २,४०४ रुग्णांचा समावेश होता. रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवल्याने रक्तस्राव झालेल्यांना लाभ झाला, तर गुठळी असलेल्यांची प्रकृती अधिक बिघडली. एकत्रित निष्कर्षात लाभ दिसला नाही.

यंत्रच रुग्णाकडे नेण्याचा प्रयोग २००८ मध्ये जर्मनीत सुरू झाला. सीटी स्कॅन बसवलेली अशी वाहने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने आसाममधील दिब्रुगड आणि तेजपूर भागांत वापरात आली. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र देशाच्या बहुतांश भागांत ती अद्याप पोहोचलेली नाही.

त्यामुळे नातेवाइकांची दक्षता महत्त्वाची ठरते. लक्षणे दिसताच रुग्णवाहिका बोलवावी आणि रात्रंदिवस सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच रुग्णास न्यावे. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवावी. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. घरी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी देऊ नये. तोंडावाटे पाणीही देऊ नये. लक्षणे आपोआप ओसरली तरी तपासणी टाळू नये.